पेशीपटलातल्या वाटा : प्रस्तावना

फेब्रुवारी-मार्चमध्ये नरसी नामदेवच्या शिवारात हळदीची काढणी जोरात असते. पाला कापून झालेला असतो, कंद खणून माती झटकलेली असते, जेठे गड्डे आणि हळकुंडे निरनिराळी केलेली असतात. मग हळद शिजवायला लागते. पूर्वी हे काम मोठ्या कढईत व्हायचे, आता बहुतेक ठिकाणी वाफेचा बॉयलर असतो. शिजली की नाही हे बघायला हळकुंडात काडी टोचतात. ती सहज आत गेली की खाली उतरवायची. हिंगोली जिल्ह्यात हे दरवर्षी इतक्या ठिकाणी चालते की त्याकडे कोणी मुद्दाम बघत नाही. पण कच्चे हळकुंड आणि शिजलेले हळकुंड आडवे कापून शेजारी ठेवून पाहावे. कच्च्यात रंग ठिपक्याठिपक्यांनी असतो, कारण तो काही ठरावीक पेशींतच साठवलेला असतो. शिजलेल्या हळकुंडात तो कडेपासून गाभ्यापर्यंत सारखा पसरलेला दिसतो. उष्णतेने पेशींची रचना मोडली, पटले फाटली आणि आतले बाहेर आले. शिजवलेली हळद लवकर वाळते, त्याचेही एक कारण हेच. पाणी धरून ठेवणारे कोणी उरलेले नसते.

हाच प्रयोग बीटावर आणखी स्वच्छ दिसतो. बीटाचे काप धुऊन थंड पाण्यात ठेवले तर पाणी जेमतेम गुलाबी होते. तेच काप साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात टाकले की पाणी लालभडक. रंग तोच, बीट तेच. जिवंत पटलाने जे अडवून धरले होते ते मेलेल्या पटलाने सोडून दिले, एवढाच फरक.

या पुस्तकाचा विषय ते जिवंत पटल आणि त्यातून होणारी ये-जा हा आहे. त्यातही मुख्यतः चॅनेल प्रथिने, म्हणजे पेशीपटलात आरपार बसलेले आणि मधोमध अरुंद वाट असलेले प्रथिनांचे रेणू. शाळेत बहुतेकांना हा भाग एका आकृतीत उरकलेला आठवेल : दोन ओळींत मांडलेले गोल ठिपके, मध्ये एक नळी, नळीतून जाणारा बाण. ती आकृती चुकीची नाही. पण तिच्याकडे बघून या गोष्टीने कोणाचा जीव जाऊ शकतो किंवा वाचू शकतो, असे वाटत नाही. ते वाटावे म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबवली आहे.

आधी पटलाविषयी. पेशीपटल मुख्यतः स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचे असते. त्याची जाडी सुमारे पाच नॅनोमीटर. अशी दोन लाख पटले एकावर एक रचली तर एक मिलिमीटर भरेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी शेकडो पदार्थ पेशींवर वापरून पाहिले आणि तेलात विरघळणारे पदार्थ सहज आत शिरतात, असे त्यांच्या ध्यानात आले. थर दुहेरी आहे हे १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींच्या स्निग्धांशावरून मांडले. यावरून एक अडचण ताबडतोब उभी राहते. जगायला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी पाण्यात विरघळणाऱ्या आहेत : सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड, साखर. विद्युतभार असलेला आयन आपल्याभोवती पाण्याचे रेणू घट्ट धरून असतो. ते पाणी सोडून तेलात शिरायचे तर त्याला इतकी ऊर्जा खर्चावी लागते की तो जवळजवळ जातच नाही. म्हणजे नुसत्या स्निग्ध थराची पेशी असती तर ती आपल्याच आवरणात उपाशी मेली असती.

वाट प्रथिने काढतात आणि त्यांच्या तीन तऱ्हा आहेत. पुढे गोंधळ होऊ नये म्हणून त्या इथेच वेगळ्या करून ठेवतो. पंप ऊर्जा खर्चून पदार्थाला उताराविरुद्ध, म्हणजे कमी प्रमाणाकडून जास्त प्रमाणाकडे, ढकलतो. येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये दाखवलेला सोडियम-पोटॅशियम पंप प्रत्येक फेरीत तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. वाहक प्रथिन रेणू पकडते, स्वतःचा आकार बदलते आणि पलीकडे सोडते. हगवण लागलेल्या लेकराला आपण मीठ-साखर-पाणी पाजतो ते याच तऱ्हेच्या भरवशावर. आतड्यातले एक वाहक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेते आणि त्यांच्यामागे पाणी येते. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना असे पाणी देऊन असंख्य जीव वाचवले. आणि तिसरे चॅनेल. ते काही पकडत नाही, ऊर्जा खर्चत नाही. फक्त उघडते, आणि पदार्थ आपल्या उताराने वाहतो. म्हणूनच त्याचा वेग अफाट असतो. एका पोटॅशियम चॅनेलमधून सेकंदाला कोटीच्या घरात आयन जाऊ शकतात.

आता इतक्या वेगात निवड कशी राखली जाते, हा या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटलेला प्रश्न आहे. पोटॅशियम चॅनेल पोटॅशियमला सोडते आणि सोडियमला अडवते, हजारात एखादाही क्वचितच निसटतो. पण सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान आहे! मोठा जातो आणि लहान अडतो, हे कुठल्याही चाळणीला शक्य नाही. याचे उत्तर १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी एका जीवाणूच्या पोटॅशियम चॅनेलची स्फटिकातून मिळवलेली रचना प्रसिद्ध केली तेव्हा डोळ्यांना दिसले. वाटेच्या सर्वांत अरुंद भागात प्रथिनाच्या कण्यातले ऑक्सिजनचे अणू आत तोंड करून बसलेले असतात, नेमके त्या अंतरावर जिथे पोटॅशियमभोवतीच्या पाण्याचे ऑक्सिजन असतात. पोटॅशियम पाणी सोडतो आणि त्याच क्षणी त्याला तसाच आधार मिळतो, त्यामुळे त्याचे काही बिघडत नाही. सोडियमला तो आधार पुरत नाही. संत नामदेवांच्या घराण्याचा व्यवसाय शिंप्याचा होता, म्हणून त्यांच्या गावात बसून सांगतो : एकाच्या मापाने बेतलेला सदरा दुसऱ्या किरकोळ माणसाच्या अंगाला कुठेच लागत नाही, तसे ते आहे. सगळे ऑक्सिजन त्याच्यापासून लांब राहतात, आणि पाणी सोडण्याचा खर्च भरून निघत नाही. म्हणून तो आत येतच नाही.

पाण्याची गोष्ट निराळी आणि आपल्याला जवळची. पाण्याचा रेणू लहान, विद्युतभार नसलेला. तो पटलातून थोडाफार झिरपतोच, म्हणून पाण्याला वेगळी वाट असेल असे बरीच वर्षे अनेकांना वाटत नव्हते. पीटर अॅग्रे यांना तांबड्या रक्तपेशींत एक प्रथिन मुबलक आढळले, ज्याचे काम कोणाला माहीत नव्हते. १९९२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बेडकाच्या अंड्यांत तयार करवले. ती अंडी साध्या पाण्यात टाकताच फुगून फुटली, शेजारची साधी अंडी तशीच राहिली. त्या प्रथिनाला आपण आज अॅक्वापोरिन म्हणतो. त्याच्या एका रेणूतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू जातात आणि एवढ्या पाण्याबरोबर एक प्रोटॉनही जात नाही. अॅग्रे आणि मॅकिनन यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून दिले गेले.

हे झाले प्रयोगशाळेत. आपल्या काळ्या, भारी जमिनीत याचेच एक दुखणे दर दोन-तीन पावसाळ्यांनी दिसते. बरेच दिवस उघडीप असते, मग एकदम मोठा पाऊस होतो, शेतात पाणी साचते, आणि चांगले पात्या-बोंडांवर आलेले कापसाचे झाड दोन दिवसांत मान टाकते. शेतकरी आणि कृषी खाते याला आकस्मिक मर म्हणतात. बुरशी नाही, कीड नाही. मुळे पाण्यात बुडालेली आणि पाने तहानेने सुकलेली. शेजारच्या सोयाबीनचेही असेच थोडेफार होते. २००३ मध्ये एका लहान रोपावर, ॲराबिडॉप्सिसवर, झालेल्या संशोधनात याची एक किल्ली सापडली. मुळांना ऑक्सिजन मिळेनासा झाला की पेशीच्या आतला भाग आम्लधर्मी होतो, आणि त्या आम्लतेने मुळांतल्या अॅक्वापोरिनची दारे मिटतात. पाणी भोवती असते, वाट बंद असते. कापसाच्या मरीत इतरही कारणे मिसळलेली असतील, पण त्यात ही एक आहे असे समजायला मला भरपूर आधार वाटतो. आणि सरीतून चर काढून आधी पाणी बाहेर काढा, मग बाकीचे बघा, हा जो जुना सल्ला आहे तो या दृष्टीने अगदी बरोबर ठरतो. मुळाला आधी हवा लागते, म्हणजे मग ते पाणी पिऊ शकते.

आता विंचवाकडे येतो. खरे तर हे पुस्तक लिहावेसे वाटले ते त्याच्यामुळेच. पण त्याआधी थोडे मज्जातंतूंविषयी.

मज्जातंतूचे काम सोडियम आणि पोटॅशियम यांच्या पटलातून होणाऱ्या ये-जावर चालते हे १९५२ मध्ये ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी माकूळ या समुद्रजीवाच्या जाड तंतूवर प्रयोग करून आणि गणित मांडून दाखवले. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या सुमारे तीसपट, बाहेर सोडियम आतल्या दहापटीहून अधिक. हा फरक पंपाने राखलेला असतो. शांत असलेल्या तंतूत आतली बाजू बाहेरपेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. ७० मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण ते पाच नॅनोमीटरच्या जाडीवर आहे, म्हणजे मीटरला सुमारे १ कोटी ४० लाख व्होल्ट. एवढ्या ताणात बसलेल्या चॅनेलचा एक भाग धनभारित असतो. ताण बदलला की तो भाग सरकतो आणि दार उघडते. सोडियम आत धावतो, ताण आणखी बदलतो, शेजारचे चॅनेल उघडते, आणि संदेश पुढे सरकत जातो. सोडियम चॅनेल मिलिसेकंदभरच उघडे राहते आणि लगेच आतून मिटते. मग पोटॅशियम बाहेर जातो आणि तंतू पुन्हा शांत होतो. हे मिटणे उघडण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

विंचू नेमका या मिटण्यावर घाला घालतो. आपल्याकडे दोन तऱ्हेचे विंचू सर्वांच्या ओळखीचे : काळी, थोराड नांगीची इंगळी, आणि लहान, तांबूस, बारीक नांग्यांचा लाल विंचू. भीती वाटते इंगळीची. जीवघेणा आहे तो लाल विंचू. दगडांच्या ढिगात, गोवऱ्यांत, सरपणात, जुन्या भिंतींच्या फटींत तो असतो, आणि काढणीच्या दिवसांत पाला-धसकटे उचलताना हात थेट त्याच्यावर पडतो. त्याच्या विषातली काही लहान प्रथिने सोडियम चॅनेलला बाहेरून चिकटतात आणि त्याला वेळेवर मिटू देत नाहीत. दुसरी काही पोटॅशियमची वाट बुजवतात. परिणाम एकच. तंतू शांत होत नाही, संदेश थांबत नाहीत. दंशाच्या जागी असह्य कळा येतात. पण खरे संकट आतल्या स्वायत्त तंतूंत असते. तिथून ॲड्रेनलिनच्या जातीची रसायने पूर आल्यासारखी सुटतात. दरदरून घाम, उलटी, हात-पाय बर्फासारखे गार, रक्तदाब चढलेला. मग हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते आणि तोंडाला फेस येतो. लहान मुलाच्या अंगात तेवढेच विष वजनाच्या मानाने कितीतरी जास्त होते, म्हणून मुले आधी जातात.

या मरणांना पहिल्यांदा नीट बघितले ते मराठवाड्यातल्याच माणसाने. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे हिंमतराव बावस्कर नागपूरला डॉक्टर झाले आणि १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. कोकणात लाल विंचवाने माणसे मरत होती आणि पुस्तकांत त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून एकेका लक्षणाची नोंद केली. १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये आले. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध वापरून पाहिले. त्याचे निष्कर्षही १९८६ मध्ये तिथेच छापून आले. गंभीर लक्षणे असलेल्या रुग्णांत आधी चारातला एक तरी दगावायचा, ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. त्यांच्या कामात पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीने होत्या. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

यातली जी गोष्ट मला विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावीशी वाटते ती अशी. प्राझोसिन चॅनेलला हातही लावत नाही. दार उघडेच राहते. त्या दारामुळे जी रसायने सुटली त्यांचा रक्तवाहिन्यांवरचा मारा ते थोपवते, आणि विष ओसरेपर्यंत हृदयाला सवड मिळते. उशाशी बसून लक्षणांवरून मागे मागे जात बावस्कर जिथे पोचले, तिथेच चॅनेलपासून पुढे पुढे येत आपणही पोचतो. पुस्तकातल्या शेवटच्या तीन प्रकरणांची मांडणी मी मुद्दाम या दोन्ही दिशांनी केली आहे.

त्याच खाटेवर तेच चॅनेल आणखी एका अंगाने दिसते. कळा थांबवायला डॉक्टर दंशाच्या जागी लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात, दात काढताना देतात तेच. लिग्नोकेन सोडियम चॅनेलच्या वाटेत आतल्या बाजूने जाऊन बसते आणि ती बंद करते. म्हणजे एका बोटात, एकाच प्रथिनाशी, बाहेरून विष ते उघडे ठेवायला झटते आणि आतून औषध ते बुजवायला. मला याहून चांगला धडा माहीत नाही. मंत्र टाकून विंचू उतरवल्याचे आजही ऐकायला मिळते, त्याचा उलगडाही इथेच होतो. इंगळीचे आणि इतर साध्या विंचवांचे विष माणसाच्या चॅनेलवर फारसे चालत नाही. कळ काही तासांत आपोआप ओसरते आणि श्रेय मांत्रिकाला मिळते. लाल विंचवाच्या दंशात मात्र तेच तास हातचे जातात. एकनाथांनी विंचवावर भारूड रचले, त्यावरून गोदाकाठच्या मुलखाला विंचू किती परिचयाचा होता हे दिसते.

विंचवांच्या विषाने संशोधनालाही खूप काही दिले आहे. पोटॅशियम चॅनेलची रचना दिसण्याच्या सात वर्षे आधी, १९९१ मध्ये, मॅकिनन यांनी ते चॅनेल चार सारख्या तुकड्यांचे बनलेले असते हे ठरवले, तेव्हा त्यांच्या हातातले साधन होते एका विंचवाच्या विषातले प्रथिन. वाटेच्या तोंडावर ते बुचासारखे बसते, म्हणून वाट कुठे आहे हे त्यावरून कळते. तो विंचू पश्चिम आशियातला होता. पण १९९० मध्ये आपल्या लाल विंचवाच्या विषातूनही असेच एक प्रथिन वेगळे करण्यात आले, ३७ अमिनो आम्लांचे. त्याचे नाव आयबेरिओटॉक्सिन. कॅल्शियमने उघडणाऱ्या एका मोठ्या पोटॅशियम चॅनेलला ते इतके निवडून बंद करते की जगभरच्या प्रयोगशाळा ते चॅनेल ओळखायला आजही हेच वापरतात. आपल्या बांधावरच्या दगडाखाली जे असते, त्याने रक्तवाहिन्यांच्या स्नायूंचे काम समजायला मदत केली, हे नरसीच्या शाळेतल्या मुलाला माहीत असायला हवे.

बाकीची प्रकरणे वाचकाने आपल्या आवडीने चाळावीत. मिरचीचा ठेचा जिभेला का भाजतो, तर ४३ अंशांच्या वर उघडणारे एक चॅनेल मिरचीतल्या कॅप्सेसिननेही उघडते. डेव्हिड ज्युलियस यांनी ते १९९७ मध्ये शोधले आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. घरातल्या वडीलधाऱ्यांची रक्तदाबाची ॲम्लोडिपिनची गोळी कॅल्शियम चॅनेलवर काम करते. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये काचेच्या बारीक नळीने एकाच चॅनेलमधून वाहणारा प्रवाह मोजला, ती पद्धत मी सविस्तर दिली आहे. एकेका रेणूचे उघडणे-मिटणे कागदावर आयताकृती पायऱ्यांसारखे उमटते, ते चित्र घाईने ओलांडू नये.

एका बाबतीत पुस्तक अपुरे आहे, कारण कामच अपुरे आहे. लाल विंचवावरचे प्रतिविष असे तयार होते : घोड्यांना विषाच्या वाढत्या मात्रा टोचायच्या आणि त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी करायची. मुंबईच्या हाफकिनमध्ये ते बनले. बावस्करांनी महाडला ७० रुग्णांवर केलेल्या आणि २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या चाचणीत नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन आणि प्रतिविष मिळून रुग्ण कितीतरी लवकर बरे झाले. पण प्रतिपिंडे ज्या विषावर तयार झाली त्याच विषाला ती सर्वांत चांगली ओळखतात, आणि लाल विंचवाच्या विषातले प्रथिनांचे मिश्रण प्रदेशाप्रदेशानुसार बदलते असे आढळले आहे. कोकणच्या जांभ्यातला विंचू आणि इथल्या कयाधू नदीकाठच्या काळ्या रानातला विंचू सोडियम चॅनेलशी सारखेच वागतात का, त्यांच्या विषातली कुठली प्रथिने किती प्रमाणात असतात, आणि एकासाठीचे प्रतिविष दुसऱ्याला किती लागू पडते, हे एकेक चॅनेल घेऊन तपासावे लागेल. त्यासाठी लागणारी साधने पुण्या-मुंबईत आहेत. विंचू इथे आहेत. हे काम पुढे कोणी हाती घेतले तर त्याला सुरुवातीला जे माहीत असायला हवे, तेवढे या पानांत मिळावे अशा बेताने मी ती लिहिली आहेत.